तळपाय दाबल्यावर कंबर हलकी का वाटते

सोलापूरच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडीकामगारांच्या वसाहतीतून, माझ्याकडे एक अक्का येतात. वय 52. विड्या वळायला लागल्या तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. गेल्या दिवाळीनंतर तपासणीच्या टेबलावर चढता चढताच त्यांनी विचारलं, “ताई, तळपायाचे पॉइंट दाबले की कंबर बरी होतंय म्हणतेत की. खरं हाय का वो?” शेजारणीनं त्यांना एका ठिकाणचा पत्ता दिला होता. तिथं भिंतीवर पायाचं मोठं रंगीत चित्र, त्यात मेंदू, फुफ्फुस, मूत्रपिंड, आतडी, कंबर, सगळं रंगवून दाखवलेलं. दहा वेळा जायचं, पैसे आधी भरायचे. अक्का दोनदा जाऊनही आल्या होत्या. “त्या रात्री झोप लई चांगली लागली,” त्या म्हणाल्या, “पण सकाळी विड्यांचं सूप मांडीवर घेतलं की परत तसंच.”

झोप का लागली, आणि सकाळी परत तसंच का झालं? ही दोन्ही उत्तरं माहीत असलेला माणूस फसत नाही आणि मिळणारा आराम गमावतही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत विडीकामगार बायका आणि यंत्रमागावरची माणसं सगळ्यात जास्त. तळपायाचे ठरावीक बिंदू दाबून अंगातली दुखणी बरी करायची ही पद्धत म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी. ती मी शिकलेली नाही आणि विकतही नाही. पण ती करून आलेली शंभर माणसं तरी मी तपासली असतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी सांगितलेला आराम खोटा नव्हता.

कंबरेत नेमकं काय दुखतं

कंबरेत पाच मणके. दोन मणक्यांमध्ये एकेक गादी, मागच्या बाजूला छोटे सांधे, भोवती स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे, आणि मधून बाहेर पडणाऱ्या नसा. ह्यातलं काहीही दुखू शकतं. पण दहातल्या नऊ जणांमध्ये ‘दुखणं इथून येतंय’ असं एका जागेवर बोट ठेवता येत नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. माणूस एमआरआयचा लिफाफा घेऊन येतो आणि म्हणतो, “गादी सरकलीय, बघा, रिपोर्टमध्ये लिहिलंय.” लिहिलेलं असतंच. पण ज्यांना कंबरदुखीचा मागमूसही नाही अशा 3,110 माणसांच्या तपासण्या एकत्र करून 2015 साली पाहिलं गेलं, तेव्हा विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. दुखत काहीच नव्हतं. केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. ती झिजलेली दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच आहे असं होत नाही.

मग दुखतं कशामुळे? बऱ्याचदा एकाच ठेवणीत तासन्‌तास राहिल्यामुळे. विडी वळणाऱ्या बाईचं काम डोळ्यांसमोर आणा. मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं, मान खाली, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. हजार विड्या भरेपर्यंत ही बैठक मोडत नाही, कारण मोडली की मजुरी बुडते. मागावरच्या माणसाचं उलटं आहे. 12 तास पायांवर उभं राहायचं, धागा तुटला की वाकायचं, जोडायचं, सरळ व्हायचं, पुढच्या मागाकडे जायचं. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलायचा तो झटक्यात. एकीची कंबर न हलल्यामुळे दुखते, दुसऱ्याची थकल्यामुळे. त्यात अपुरी झोप, घरची काळजी, ‘आपलं आता काही खरं नाही’ ही भीती. वेदना मेंदूत जाणवते, आणि घाबरलेला, थकलेला मेंदू तीच वेदना मोठी करून दाखवतो. म्हणजे ती खोटी असते असं नाही. तिचा आवाज वाढलेला असतो, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटी 30 लाखांवर जाईल. माणसाला कामावरून घरी बसवणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिली आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे ती लागेल. अचानक भरलेली कंबर बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीचशी उतरते. गोळी घ्या, लेप लावा, पाय दाबा, काहीच करू नका, तरी उतरते. जुनी कंबरदुखी मात्र लाटेसारखी येते-जाते. माणूस उपाय शोधायला निघतो तो लाट सगळ्यात उंच असताना, आणि लाट त्यानंतर खालीच येणार असते. त्या दिवसांत जो उपाय हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं.

पायावरचा नकाशा कुठून आला

पाय चेपणं जुनंच आहे. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या चार हजार वर्षांहून जुन्या एका थडग्यातल्या चित्रात माणसं दुसऱ्यांचे हातपाय धरून बसलेली दिसतात. आपल्याकडे आयुर्वेदातला पादाभ्यंग आहे, आजीची काशाची वाटी आहे. आषाढीला पालख्या आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जातात तेव्हा मुक्कामाच्या गावी पोरं-पोरी वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपत बसलेली दिसतात. त्या पायांना काय वाटतं ते कुणी संशोधन करून सांगायची गरज नाही.

पण ‘तळपायाच्या अमुक बिंदूवर अमुक अवयव’ हा नकाशा मात्र जुना नाही, आणि चीनमधून आलेलाही नाही. तो अमेरिकेत तयार झाला. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे डोक्यापासून बोटांपर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि म्हटलं, एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागेची वेदना कमी होते. 1917 साली त्यांनी हे सहलेखकासोबत पुस्तकात मांडलं. पुढे 1930च्या दशकात युनिस इंगहॅम ह्या बाईंनी, ज्या अंगमर्दन-व्यायामाचे उपचार करत असत, सगळं लक्ष पायावर आणलं आणि तळपायावर अख्खं शरीर आखून दाखवलं. आज दुकानात भिंतीवर दिसतो तो नकाशा मूळचा त्यांचा. ॲक्युप्रेशर हे वेगळं. ते चिनी वैद्यकातल्या वाहिन्यांच्या कल्पनेवर उभं आहे आणि त्याचे बिंदू सगळ्या अंगावर असतात. आपल्याकडे दोन्हींची पार सरमिसळ झाली आहे. पाटी ॲक्युप्रेशरची असते आणि भिंतीवर चित्र रिफ्लेक्सॉलॉजीचं.

ह्या नकाशात पाठीचा कणा पायाच्या आतल्या कडेला येतो. अंगठ्यापाशी मान, चवड्याच्या मागे पाठ, जिथे पाय वर उचललेला असतो त्या कमानीत कंबर, आणि टाचेकडे माकडहाड. पायाची आतली कड बाजूने पाहिली तर तिचा बाक कण्यासारखाच दिसतो. चित्र मनाला पटतं ते त्यामुळे. पण दिसायला सारखं असणं आणि आतून जोडलेलं असणं ह्यात फरक आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून अक्रोड फोडल्यावर मेंदूला काही होत नाही.

नकाशा खरा असेल तर त्याची परीक्षा घेता यायला हवी. 2000 साली अशी एक परीक्षा झाली. आधीच निदान झालेले 18 लोक घेतले. दोन अनुभवी रिफ्लेक्सॉलॉजिस्टनी प्रत्येकाचे पाय तपासले. समोरच्याला काय आजार आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. पायावरून त्यांना आजार ओळखता आले नाहीत, आणि त्या दोघांचं एकमेकांशीही फारसं जमलं नाही. तळपायात स्फटिक साठतात आणि ते फोडले की अडलेला प्रवाह मोकळा होतो, असंही अनेक जण सांगतात. पाय दाबताना जे कर्र लागतं ते स्फटिक नसतात. ते तळपायातल्या जाड पडद्याचे, स्नायूंचे पट्टे असतात, थकले की ताठरलेले.

हल्ली आपल्याकडे काशाच्या थाळीची यंत्रंही आली आहेत. पाय ठेवला की थाळी गरगर फिरते, आणि पंधरा मिनिटांत तळवे काळे होतात. “बघा, अंगातली उष्णता, विष बाहेर आलं,” असं सांगितलं जातं. अक्कांनाही तेच सांगितलं होतं. कासं म्हणजे तांबं आणि कथिल. तूप-तेल आणि घाम लावून ते त्वचेवर घासलं की धातूचा बारीक अंश तेलाशी मिळून काळा होतो. तीच वाटी तेल लावून टाइलवर घासली आणि टाइल पुसली तरी कापड काळं होईल. सोलापूरच्या मे महिन्यात तळव्यांची आग होते तेव्हा काशाची वाटी फिरवल्यावर गार वाटतं, झोप येते. ते सुख खरं आहे, फक्त काळ्या रंगाचा त्याच्याशी संबंध नाही.

पायाचा आणि कंबरेचा संबंध आहेच, पण वेगळा

इथे मला बऱ्याचदा अडवलं जातं. “मग कंबरेची कळ पायात कशी जाते?” प्रश्न अगदी बरोबर आहे. कंबरेतून निघणाऱ्या नसांच्या मुळ्या एकत्र येऊन अंगठ्याएवढी जाड सायटिक नस होते, आणि तिच्या फांद्या मांडीच्या मागून, पोटरीतून थेट तळपायापर्यंत जातात. म्हणून कंबरेत गादीने नस दाबली की मुंग्या पायाच्या अंगठ्याला किंवा करंगळीकडे येतात. कुठे येतात त्यावरून कुठली मुळी दाबली ह्याचा अंदाजही आम्ही बांधतो.

पण ह्यावरून उलटा निष्कर्ष निघत नाही. उजनी धरणातून सोलापूरला येणारी पाइपलाइन वाटेत कुठे फुटली तर ते कळतं घरच्या नळाला, पाण्याचा दिवस असून पाणी येत नाही तेव्हा. म्हणून कुणी नळ पिळून पाइपलाइन दुरुस्त करत नाही. तळपाय दाबल्याने कंबरेतली गादी जागेवर जात नाही, नसेवरचा दाब उठत नाही. असं कुणी तुम्हाला छातीठोक सांगत असेल तर ते चूक आहे.

मग बरं का वाटतं

तीन-चार कारणं आहेत, आणि ती मला नकाशापेक्षा जास्त सुंदर वाटतात.

लेकरू पडलं, गुडघा आपटला, की आई पहिल्यांदा काय करते? जागा चोळते. आणि चोळलं की कमी होतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोघांनी 1965 साली ह्याचं कारण मांडलं. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान तंतूंनी जातात, वेदनेचे बारीक आणि सावकाश तंतूंनी. मज्जारज्जूत जणू एक दार असतं. स्पर्शाचे संदेश भरभरून आले की वेदनेसाठी ते दार अर्धवट लोटलं जातं. तळपायाच्या त्वचेत स्पर्श ओळखणारे तंतू अतिशय दाट असतात, कारण चालताना जमिनीची बित्तंबातमी त्यांनाच द्यायची असते. त्यांचे संदेश मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला पोचतात, आणि कंबरेच्या खालच्या भागातले वेदनेचे संदेशही त्याच शेजारात येतात. तेव्हा तळपाय दाबताना आणि नंतर थोडा वेळ कंबर हलकी वाटली तर त्यात चमत्कार काही नाही. दार पुन्हा उघडतं, एवढंच. सकाळी सूप मांडीवर आलं की उघडतं.

दुसरं, अंगाचा ताण उतरतो. पाय कुणाच्या हातात सोपवून डोळे मिटले की श्वास खोल होतो, नाडी थोडी मंदावते, कंबरेचे आखडलेले स्नायू सैल होतात. अक्कांना झोप लागली ती ह्यामुळे. आणि झोपेला कमी लेखू नका. रात्र नीट गेली तर दुसऱ्या दिवशी तीच वेदना कमी बोचते, हे मी रोज पाहते.

तिसरं कारण सांगताना मला नेहमी थोडं वाईट वाटतं. अक्कांचे पाय आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हातात घेतले होते. चाळीस मिनिटं. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, हे शांतपणे विचारलं होतं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला इच्छा असूनही दोन मिनिटांच्या वर देता येत नाहीत. आपलं दुखणं कुणीतरी ऐकलं ह्याचा वेदनेवर परिणाम होतो, मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो. रिफ्लेक्सॉलॉजीची खरी ताकद मला इथे दिसते. तिला नकाशाची गरज नाही.

चौथं कारण ती लाट. ती मघाशी सांगितलीच.

अभ्यासांत काय दिसलं

एखादा उपचार कामाचा आहे का हे ‘मला बरं वाटलं’ एवढ्यावरून ठरत नाही, कारण लाट सगळ्यांचीच उतरते. म्हणून सारख्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला उपचार, दुसऱ्याला दुसरं काही. रिफ्लेक्सॉलॉजीत उत्तम तुलना म्हणजे दुसऱ्या गटाचेही पाय चोळायचे, पण ‘कंबरेचे बिंदू’ टाळून. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं तर श्रेय बिंदूंना जात नाही.

2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 15 जण होते. आठवड्यातून एकदा 40 मिनिटं, असे सहा आठवडे. खऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात दहा सेंटिमीटरच्या वेदनापट्टीवर दुखणं साधारण अडीच सेंटिमीटरनी उतरलं, खोट्या गटात जवळपास जागेवरच राहिलं. आशा वाटावी असा निकाल, पण 15 माणसांत दोघांचं नशीब बदललं तरी सगळं चित्र बदलतं. ते संशोधकही ह्याला प्राथमिक चाचणीच म्हणत होते. त्याच्या आदल्या वर्षी, 2007 मध्ये, 243 लोकांचा मोठा अभ्यास आला. काहींना रिफ्लेक्सॉलॉजी, काहींना शरीर सैल सोडण्याचं तंत्र, काहींचे नेहमीचेच उपचार. तिन्ही गटांत दुखणं कमी झालं. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात किंचित जास्त कमी झाल्यासारखं दिसलं, पण फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. 2011 साली वेगवेगळ्या आजारांवरच्या अशा 23 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष निघाला की कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक आहे हे पटेल असं सिद्ध झालेलं नाही.

माझा अर्थ असा: पाय दाबून घेणं हा आराम आहे, उपचाराला जोड आहे. उपचाराच्या जागी तो बसवू नये.

उपचार मग कोणता? डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात दुखण्याची नीट माहिती देणं, व्यायाम, मालिशसारखे काही हातांचे उपचार, मनाच्या अंगाने केलेली मदत आणि गरजेपुरती सूज उतरवणारी गोळी ह्यांना जागा आहे. सरसकट कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणं, शेकाचं अल्ट्रासाउंड यंत्र, करंट देणारं यंत्र, ह्यांना नाही. ही यंत्रं आमच्याच क्षेत्रात सर्रास लावली जातात, आणि मीही सुरुवातीची काही वर्षं लावली. पाय दाबणाऱ्याला जो प्रश्न विचारायचा तोच आम्हालाही विचारा.

आणि चालणं. 2024 साली ऑस्ट्रेलियातला 701 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतंच बरं झालेल्यांना हळूहळू वाढवत नेत आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास चालायला लावलं. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांत 112 दिवस. सोलापूरच्या कंबर तलावाभोवती नाहीतर सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात पहाटे चक्कर मारायला कुणी पैसे आधी भरायला लावत नाही.

कुणी पाय दाबून घेऊ नयेत

मधुमेह असेल तर इथे नीट थांबा. बरीच वर्षं साखर असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी होते आणि ते त्यांना कळतही नाही. लाकडी काडीने बिंदू दाबला, गरम पाण्यात पाय बुडवले, टोचऱ्या चपला घालून फिरलं, तर जखम होते आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. मग ती चिघळते. संवेदना शाबूत आहे का हे आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. हाताने हलकं तेल लावायला हरकत नाही, बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल साठू देऊ नका. एक पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर चोळायची नाहीच. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. पायावर जखम, ताजं फ्रॅक्चर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, ह्यांत आधी विचारून घ्या.

ह्याहून महत्त्वाचं आहे ते कंबरदुखीच्याच बाबतीत. मागावर काम करणारे एक मामा माझ्याकडे आले तेव्हा साडेतीन महिने पाय दाबून घेत होते. रात्री दुखणं वाढायचं, संध्याकाळी अंग कणकणायचं, पँट सैल झाली होती. पाय दाबणाऱ्याने “उष्णता निघतेय” म्हणून समजूत काढली होती. तो मणक्याचा टीबी निघाला. गोळ्यांनी बरा होणारा, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळणारा आजार. मामा बरे झाले, पण तोवर एक मणका दबून पाठीला कुबड आलं ते राहिलं. साडेतीन महिने लवकर कळलं असतं तर ते टळलं असतं ह्याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, झोपून राहिलं तरी न थांबणारं रात्रीचं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ह्यातलं काही असेल तर पहिली पायरी डॉक्टरची. आणि लघवी-संडासचा ताबा सुटला, लघवी अडली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. रिक्षा करा आणि त्याच रात्री सिव्हिल गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो.

घरी करायचं असेल तर

वर सांगितलेलं काही नसेल तर पाय जरूर दाबून घ्या. त्यासाठी पॅकेज लागत नाही. रात्री पाय धुऊन, कोरडे करून, चमचाभर तीळतेल किंवा खोबरेल. अंगठ्याच्या पोटाने टाचेपासून सुरू करून आतल्या कडेने कमानीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत सावकाश सरकायचं, मग सगळा तळवा, मग एकेक बोट. एका पायाला दहा मिनिटं. दाब इतकाच की ‘अहाहा’ म्हणावंसं वाटेल. भुवया आवळल्या गेल्या की दाब जास्त झाला. जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण आला, असं नसतं. नकाशातला नेमका बिंदू चुकला तरी काही बिघडत नाही.

दाबणाऱ्याने जमिनीवर वाकून बसू नये. पाय घेणाऱ्याला पलंगावर झोपवा आणि स्वतः स्टुलावर बसा, नाहीतर एकाची कंबर हलकी होईल आणि दुसऱ्याची भरेल. आणि हे मला मनापासून सांगायचं आहे: आपल्या घरांत पाय चेपून देण्याचं काम कुणाकडे असतं? दिवसभर वाकून काम केलेल्या सुनेकडे, लेकीकडे. ज्यांच्या कंबरा सगळ्यात जास्त दुखतात त्यांचे पाय कुणीच हातात घेत नाही. ते काम घरातल्या पुरुषांनीही करावं, पोरांनीही करावं.

विडी वळणाऱ्यांसाठी बैठकीत केलेले बदल पायाच्या कुठल्याही बिंदूपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पाठ भिंतीला टेकवा, बुडाखाली चार बोटं उंचीची घडी घाला म्हणजे कंबरेचा बाक टिकतो. सोलापुरात चादरीला तोटा नाही, जुनी चादर दुमडली की झालं. सुपाखाली उशी घ्या म्हणजे मान-पाठ कमी वाकेल. पंचवीस विड्यांचे चार कट्टे झाले की उठायचं, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं, पाण्याच्या माठापर्यंत जाऊन यायचं. एक मिनिट लागतं. मजुरी बुडत नाही, अक्कांनी मोजून पाहिलंय.

अक्कांना मी पैसे परत मागा असं सांगितलं नाही. उरलेल्या आठ वेळा जाऊन या म्हटलं, फक्त सोबत चालणं आणि हे उठणं सुरू करा, आणि नातीच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहा: झोप कशी लागली, सकाळी कंबर दहापैकी किती दुखली, किती वेळ चाललात. लिहायचं काम नातीकडे. पाय दाबलेल्या रात्रींच्या पुढे ‘झोप चांगली’ आलं, सकाळचा आकडा मात्र हलला नाही. तो हलला पाचव्या आठवड्यात, चालणं वीस मिनिटांवर गेल्यानंतर, सातावरून चारावर. आठ वेळा संपल्यावर अक्कांनी पुन्हा पैसे भरले नाहीत. आता रविवारी रात्री त्यांचा धाकटा मुलगा पाय चेपून देतो. पहिल्या दिवशी तो लाजला होता, असं नातीनं वहीत लिहिलंय.